ओकुनोचा हात बिघडलाय

बीफचे पातळ काप आणि दोन कांदे घरात असले की पंधरा मिनिटांत रात्रीचं जेवण होतं, असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. चिझुरूला ते बारा मिनिटांत जमायचं. फक्त त्या बारा मिनिटांच्या आधी तिला घराखालच्या बंद दुकानात, एक बारका दिवा लावून, चोरासारखी आणखी पंधरा मिनिटं काढावी लागायची. ती पंधरा मिनिटं कुठल्याही पाककृतीत लिहिलेली नसतात.

आजही ती अंगावरचा कोट न काढता दुकानातल्या जुन्या ओट्यापाशी उभी होती. सुपरमार्केटचा ट्रे फोडला. ही मंडळी काप दुमडून, गुंडाळून असे फुगवून रचतात की तीनशे ग्रॅमचं अर्धा किलो दिसावं. चिझुरूनं गार बोटांनी एकेक काप सोडवला, सरळ केला आणि लाकडाच्या पातळ पट्टीवर एकाला एक अर्धा झाकेल असा मांडला. मग लाल अक्षरांत ‘इवातोकू’ छापलेला जुना कागद घेतला. कोपरा आत, दोन वळसे, वरून रबर. पुडकं तयार झालं. उरला ट्रे. तो धुऊन पुसून तिनं पिशवीत डब्याखाली दडवला, कारण वरच्या कचऱ्यात टाकला तर सासऱ्यांच्या नजरेतून सुटला नसता. सुपरमार्केटच्या दारात रिकामे ट्रे परत टाकायची पेटी असते, तिथे तो सकाळी जाता जाता टाकायचा. मागे एकदा टाकायचा राहिलेला ट्रे ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या पायाशी, तिच्या पिशवीतून घरंगळला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या, कमावत्या बाईवर ही पाळी यावी याचा तिला रोज नव्यानं संताप यायचा.

हे सगळं सुरू झालं एप्रिलमध्ये. तोवर ती चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस जायची आणि परतताना नदीपलीकडे ओकुनोच्या दुकानातून मांस आणायची. एप्रिलपासून पूर्ण दिवसाची नोकरी झाली. ती सुटणार साडेसहाला, ओकुनोचं दुकान बंद होणार सहाला. म्हणून पहिल्या दिवशी तिनं सरळपणे स्टेशनजवळच्या सुपरमार्केटातून बीफ आणलं आणि ट्रे टेबलावर ठेवला. तिचे सासरे इवाओ, वय एकोणऐंशी, यांनी त्या ट्रेकडे पाहिलं, जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि लोणच्याशी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. डोक्याला चार टाके पडले.

ज्या माणसानं एक्कावन्न वर्षं हिमेजी शहरातल्या ह्याच गल्लीत मांसाचं दुकान चालवलं, रोज शंभर माणसांसाठी काप काढले, त्याला ट्रेमधलं मांस चालत नाही हे एक वेळ समजू शकतं. पण त्यापायी जीव द्यायला निघणं चिझुरूला समजत नव्हतं. नवरा तेत्सुया नोकरीसाठी नागोयाला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. त्याला फोन केला तर म्हणाला, “बाबांचं तुला माहीतच आहे, तूच काहीतरी बघ ना.” तिनं बघितलं. खालच्या कपाटात जुन्या कागदाचे दोन गठ्ठे सापडले, आणि पुडकं कसं बांधायचं हे सासूबाईंनी एका वर्षअखेरच्या गर्दीत तिला शिकवलं होतंच. पाचव्या दिवशी तिनं पुडकं टेबलावर ठेवून सांगितलं, “ओकुनोभाऊ माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. मागच्या दारानं घेऊन येते.” इवाओंनी तीन वाडगे भात खाल्ला.

त्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. खरं तर तिथूनच ती अडकली होती.

ती जिना चढून वर गेली. इवाओ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोरीचा चष्मा नाकावर चढवून बसले होते. शेजारी मायु, सोळा वर्षांची नात, शाळेच्या हँडबॉलचा सराव करून आलेली, भुकेनं अर्धमेली. भात कुकरमध्ये तयार होता. चिझुरूनं कांदे उभे चिरले, कढईत पाणी, सोया सॉस, साखर, थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, घातली आणि कांदे शिजायला टाकले. तेवढ्यात मागे कागद उलगडल्याचा आवाज आला.

“हं,” इवाओ म्हणाले. म्हणजे सुरुवात झाली.

काड्यांनी पहिला काप उचलून त्यांनी दिव्यासमोर धरला. “हे बघ, सूनबाई. ह्याला काप म्हणतात का? मांसाच्या रेषेला आडवं पातं जायला हवं. हे उभं गेलंय. बोथट मशीनवर ढकललंय नुसतं.”

“असेल, बाबा. द्या इकडे, कांदा शिजत आला.”

“थांब. हा दुसरा बघ. ह्या टोकाला जाड, त्या टोकाला फाटलेला. ओकुनोचा हात बिघडलाय.”

“आजोबा, पंचनामा जेवणानंतर करा ना,” मायु म्हणाली. “मेलेल्या गाईला घाई नाहीये, मला आहे.”

“तू गप. पोट भरण्यापलीकडे काही कळतं का तुम्हाला?” त्यांनी तिसरा काप उचलला. “सतरा वर्षं माझ्या हाताखाली होता तो. पहिली तीन वर्षं नुसते चरबीचे गोळे कापायला दिले, तेव्हा कुठे मांसाला हात लावू दिला. ते सगळं पाण्यात. उन्हाळ्यात रीतीप्रमाणे भेटायला सुद्धा आला नाही. पीचची पेटी पाठवून दिली कुरियरनं. मोठा माणूस झाला ना.”

चिझुरूनं कढईतला कांदा हलवला. सात महिने ती हेच ऐकत होती. ओकुनो बिचारा नदीपलीकडे आपलं दुकान चालवत होता, आणि इकडे रोज सव्वासात वाजता, त्यानं न कापलेल्या मांसावरून त्याची सालटी निघत होती. आधी आधी चिझुरू म्हणायची की तसं काही नाही बाबा, चांगलं आहे की. पण ओकुनोची बाजू घेतली की इवाओंना आणखी जोर चढायचा आणि जेवण आणखी वीस मिनिटं लांबायचं. मग तिनं मूग गिळून बसायचं ठरवलं. कुणाचं काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. कागदाचा दुसरा गठ्ठाही आता संपत आला होता, आणि तो संपल्यावर पुढे काय, हा विचार ती रोज उद्यावर ढकलत होती.

तिनं पुडकं त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि काप कढईत सोडले. काड्यांनी मोकळे केले, रंग पालटला, गॅस बंद. भातावर घालून तीन वाडगे टेबलावर ठेवले. सात वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

इवाओंनी एक घास चावला. बराच वेळ चावला. मग शांतपणे म्हणाले, “उद्या मी ओकुनोकडे जातोय.”

“कशाला?” चिझुरूचा घास हातातच राहिला.

“पडदा परत घ्यायला.”

मायुनंही खाणं थांबवलं. तेवीस वर्षांपूर्वी इवाओंनी ओकुनोला स्वतंत्र दुकान काढून दिलं, तेव्हा आपल्या दुकानाचं नाव आणि दारावर लावायचा निळा पडदा त्याला स्वतःच्या हातानं दिला होता. ह्या धंद्यात मालक चेल्याला यापेक्षा मोठं काही देत नाही. त्यांचं स्वतःचं दुकान दोन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यावर आणि गुडघा गेल्यावर, बंद झालं. इथला पडदा घडी होऊन कपाटात पडला. ‘इवातोकू’ हे नाव आता फक्त नदीपलीकडच्या त्या एका दारावर वाऱ्यानं हलत होतं.

“बाबा, एवढ्याशा गोष्टीवरून—”

“एवढीशी? हे असलं मांस माझ्या नावाखाली विकलं जातंय. दुकान बंद झालं तर झालं, नाव नासवून ठेवायचं नाही मला.” त्यांनी वाडगा पुढे सरकवला. “दुपारच्या बसनं जाईन. तू मध्ये पडू नकोस.”

त्या रात्री चिझुरूनं भांडी घासताना तोंडातल्या तोंडात सगळ्यांना बोल लावला. सासऱ्यांना, त्यांच्या जिभेला, नागोयात बसलेल्या नवऱ्याला, साडेसहाला सुटणाऱ्या नोकरीला, आणि दुमडून रचलेल्या ट्रेला. तेव्हाच त्यांच्या खोलीत जाऊन खरं सांगून टाकायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण न्हाणीघरातल्या फरशीवरचं रक्तही आठवत होतं, आणि सकाळी बघू, असं म्हणून ती झोपली.

सकाळी काही झालं नाही. मायुचा डबा, स्वतःची बस, आणि इवाओ दार लावून आंघोळीला बसलेले. “बाबा, आज नका जाऊ, थंडी आहे,” एवढंच तिनं दाराबाहेरून ओरडून सांगितलं. आतून पाण्याचा आवाज आला. घाईत कालचा ट्रे पेटीत टाकायचाही राहिला.

दिवसभर तिनं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलली आणि विचारलं, हे स्पष्ट की हे. तीन वाजता तिच्या लक्षात आलं की आपण एकाच आजींना पाच वेळा तेच भिंग दाखवतोय. साडेचार वाजता तिनं मॅनेजरला सांगितलं, “घरी अडचण आहे, मला जायला हवं.” मॅनेजर म्हणाला, “सासऱ्यांची तब्येत?” ती म्हणाली, “नाही, माझी अक्कल.” दुकानाची सायकल मागून घेतली आणि पुलाच्या दिशेनं दामटली.

पुलावर समोरून वारा होता. ती पायडल मारत होती आणि मनाशी वाक्यं जुळवत होती. ओकुनोभाऊंचा काही दोष नाही. ओकुनोभाऊंना काही माहीतच नाही. तिला खात्री होती की इवाओ तोंडाचा पट्टा सोडतील, ओकुनो म्हणेल, ‘मालक, तुमच्या घरचं कुणी सात महिन्यांत इकडे फिरकलेलंच नाही,’ आणि त्या एका वाक्यात तिची सात महिन्यांची लबाडी भर बाजारात उघडी पडेल. पडू दे, तिला वाटलं. एकदाची पडू दे.

ती पोहोचली तेव्हा दारावर पडदा नव्हता. दांडी नुसतीच आडवी दिसत होती, आणि मागच्या रंगावर तेवीस वर्षं ऊन न लागलेला गडद चौकोन उमटला होता.

आत गिऱ्हाइक नव्हतं. इवाओ स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर निळ्या कापडाची नीट केलेली घडी होती. काचेच्या कपाटामागे ओकुनो, अठ्ठावन्न वर्षांचा, पांढरा एप्रन घातलेला, मान खाली घालून उभा होता.

“तू कशाला आलीस?” इवाओ म्हणाले. “झालं काम. मी म्हटलं, तुझा हात बिघडलाय, पडदा दे. त्यानं काढला आणि दिला. एक शब्द उलट बोलला नाही. निदान तेवढी लाज आहे.”

चिझुरूनं ओकुनोकडे पाहिलं. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तो ते बोललाच नव्हता. मालकाला उलट बोलायचं नाही म्हणून की तिला सांभाळून घ्यायचं म्हणून, ते तिला कळेना, पण त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे तिला बघवेना. तिनं पिशवीत हात घातला, डब्याखालून ट्रे काढला आणि काचेवर ठेवला.

“काल रात्री तुम्ही जे खाल्लं, ते ह्यातून आलं होतं, बाबा. परवाचंही. एप्रिलपासूनचं सगळं. ओकुनोभाऊंकडे मी एकदाही आलेली नाही.”

इवाओंनी ट्रेकडे पाहिलं.

“कागद?” त्यांनी विचारलं.

“खालच्या कपाटातला.”

“आणि बांधणी?”

“आईंनी शिकवली होती.”

“बांधणी चांगली होती,” ते म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग पालटला. “म्हणजे सात महिने मी ह्या माणसाला शिव्या घातल्या.”

“हो.”

“आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.”

“हो, ऐकत होते.” आता तिचा बांध फुटला. “काय करणार होते? मी साडेसहाला सुटते, हे दुकान सहाला बंद होतं. दुसरं मांस आणलं तर तुम्ही लोणच्याशी भात खाऊन डोकं फोडून घेता. घरी येते, अंधारात उभी राहून एकेक काप सरळ करते, पुडकं बांधते, ट्रे लपवते, मग वर येऊन बारा मिनिटांत स्वयंपाक करते, आणि तुम्ही अर्धा तास तो काप दिव्याला धरून बसता, जेवतानाही तेच चालू. सात महिन्यांत मी एक घास गरम खाल्लेला नाही. मला वीट आलाय, बाबा. ह्या मांसाचाही आणि तुमच्याही.”

शेवटचे शब्द निघून गेले आणि परत घेता येईनात. सासरी येऊन एकोणीस वर्षं झाली होती, असं ती कधी बोलली नव्हती.

इवाओ तिच्यावर ओरडले नाहीत. स्टुलाला धरून उठले, कापडाची घडी दोन्ही हातांत घेतली आणि काचेच्या कपाटासमोर जाऊन, गुडघा जेवढं वाकू देईल तेवढे वाकले. “ओकुनो, माझं चुकलं. हा परत घे.”

त्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे शब्द चिझुरू पहिल्यांदाच ऐकत होती. ओकुनोनंही ते पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण तो दोन पावलं मागे सरला. पण त्यानं हात पुढे केला नाही.

“मला तो घेता यायचा नाही, मालक.”

“अरे, मी माफी मागतोय ना?”

“तसं नाही.” ओकुनोनं उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. “फेब्रुवारीत खांदा गेला. मशीनचा दांडा ढकलवत नाही, सुरी तर लांबच. तेव्हापासून मी कापतच नाही. माल घाऊक केंद्रातून कापूनच येतो, खोक्यांत. मी नुसता मांडतो. वहिनी एप्रिलपासून यायच्या बंद झाल्या, तेव्हा मला वाटलं, इवातोकूची सून आहे, तिनं ओळखलं. म्हणून उन्हाळ्यात तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही. आज तुम्ही आत आलात आणि म्हणालात, हात बिघडलाय. मला वाटलं, उशिरा का होईना, तुम्हाला कळलं.”

चिझुरूनं काहीही ओळखलं नव्हतं. तिला तर ओकुनोच्या दुकानातलं मांस आणि ट्रेमधलं मांस यांतला फरक कधी कळलाच नव्हता, फक्त हे आजवर कुणाला सांगायची सोय नव्हती.

इवाओ मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. “फेब्रुवारी,” ते पुटपुटले. “मार्च. तेव्हा सूनबाई इथूनच आणत होती.” त्यांनी मान वर केली. “मार्चमध्ये मायुच्या वाढदिवसाला बीफच्या कापांची सुकियाकी केली होती. तेव्हा मी काय म्हणालो होतो?”

नाही आठवत बाबा, असं म्हणणं सोपं होतं. पण चिझुरू आता खोटं बोलून दमली होती. “तुम्ही म्हणालात, बघा, ओकुनोचा हात अजून तसाच आहे.”

इवाओ स्टुलावर बसले. कपाटाची मोटर घरघरत होती. काचेआड काप ओळीनं मांडलेले होते, सगळे एका मापाचे, कुठल्याशा मशीननं कापलेले. ते त्यांच्याकडे बघत राहिले.

“मला कुणी सांगितलं का नाही?” त्यांनी विचारलं.

ओकुनोनं चिझुरूकडे पाहिलं, चिझुरूनं फरशीकडे.

“इतकं भिता मला?”

दोघांपैकी कुणीही नाही म्हटलं नाही. इवाओंनी मान हलवली आणि चष्मा पुसला. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती, कारण आजवर त्यांना फक्त रागच आला होता. चिझुरूला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही तिला राग आला.

“आत न कापलेला गोळा आहे का?” इवाओंनी एकदम विचारलं.

“एक आहे. खांद्याचा. वर्षअखेरीसाठी ठेवलाय. अर्धा गोठलेला असेल.”

“अर्धा गोठलेलाच हवा. आण. आणि तुझी सुरी दे.”

ओकुनोनं डाव्या हातानं गोळा आणून ठेवला. इवाओंनी हात धुतले, कोट काढला, सुरीची धार अंगठ्यावर बघितली. मग गोळा फिरवून रेषा शोधली आणि आडवं पातं लावलं. पहिला काप जाड निघाला. दुसरा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटला. हात थरथरत होता. थरथर थांबावी म्हणून त्यांनी कोपर अंगाशी दाबून धरलं, तरी तिसरा तसाच निघाला. चिझुरूला वाटलं आता सुरी आदळतील, गोळ्याला नावं ठेवतील, ओकुनोला धार लावता येत नाही म्हणतील. तसं काही झालं नाही. तीन माणसांपुरते काप काढले आणि थांबले. त्यांतला एक काप काड्यांनी उचलून त्यांनी दिव्यासमोर धरला, सवयीनं, आणि परत खाली ठेवला.

पुडकं मात्र त्यांनी असं बांधलं की कागदावर एकही जादा घडी नव्हती.

“आता तो पडदा लावा,” ते म्हणाले.

“मालक, मी सांगितलं ना, मी कापतच—”

“मी पडदा तुझ्या खांद्याला दिला नव्हता, तुला दिला होता. आणि एवढ्या थंडीत दार उघडं ठेवून मला आजारी पाडायचंय का?”

पण लावणार कोण? ओकुनोचा हात छातीच्या वर जात नव्हता आणि इवाओंचा गुडघा स्टुलावर चढत नव्हता. शेवटी कामावरच्या स्कर्टमध्ये चिझुरूच स्टुलावर चढली. खालून दोघांनी तिला सूचना करायला सुरुवात केली. डावी बाजू वर घे. एवढी नाही. वहिनी, ती गाठ उलटी आलीय. अगं दिसतंय का तुला, चष्म्याच्या दुकानात काम करतेस ना.

“दोघांपैकी कुणीही अजून एक शब्द बोललात,” चिझुरू वरून म्हणाली, “तर हा पडदा मी घरी नेऊन त्याचं फडकं करीन.”

पडदा थोडा डावीकडे उतरता लागला आणि तसाच राहिला.

घरी पोहोचायला पावणेसात झाले. आज खाली थांबायचं नव्हतं. ती सरळ वर गेली, कांदे चिरले, कढई ठेवली. मायु आली आणि दप्तर टाकून टेबलावर वाकली. “पडद्याचं काय झालं?”

“आहे तिथेच आहे,” चिझुरू म्हणाली. “बस.”

इवाओंनी आज पुडकं उलगडून बघितलं नाही. तसंच तिच्या हातात दिलं. काप जाड म्हणून तिनं ते नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवले, भातावर घातले आणि वाडगे मांडले. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. कित्येक महिन्यांत जेवण इतक्या लवकर टेबलावर आलं नव्हतं.

मायुनं एक काप काड्यांनी उचलला आणि अगदी आजोबांच्या ढंगात दिव्यासमोर धरला. “ह्याला काप म्हणतात का? अहो, ओकुनोकाकांचा हात खरंच बिघडलाय की.”

चिझुरूनं तिच्याकडे डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

“ओकुनोनं नाही कापलं,” इवाओ म्हणाले. “मी कापलंय.”

मायुच्या काड्या हवेतच थांबल्या. तिनं आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, मग तो काप तोंडात टाकला आणि चावत राहिली. चिझुरूला माहीत होतं आता काय होणार. पोरगी म्हणणार, छान झालंय आजोबा, आणि ह्या घरात पुन्हा पहिल्यापासून पुडकी बांधायला सुरुवात होणार.

“जाड झालंय, आजोबा,” मायु म्हणाली.

इवाओंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं की चष्म्यावर वाफ, ते चिझुरूला नीट दिसलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “जाड झालंय खरं.”

आणि त्यांनी वाडगा उचलला.

चिझुरू काही क्षण तशीच उभी राहिली. दोन गठ्ठे कागद, सात महिने, दीडशेच्या वर ट्रे, आणि सांगायचे होते फक्त दोन खरे शब्द. तिला भयंकर संताप आला, पण कुणावर ते ठरेना. मग ती खुर्ची ओढून बसली, आपला वाडगा पुढे घेतला आणि गरम गरम पहिला घास तोंडात घातला.

“चिवट आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” इवाओ म्हणाले. “गार व्हायच्या आत खा. आणि उद्यापासून ट्रे सरळ वर आणत जा.”